उपड्या क्रेटांचा दरबार

अखंडलक्ष्मीअलंकृत, जयनगर-भिशीमंडळ-धुरंधर, सकलवांगीपरीक्षक प्रमोदिनीबाईसाहेब यांचे सेवेसी, आज्ञाधारक विठोजी, राहणार त्याच इमारतीत तळमजला, याचा कृतानेक नमस्कार. विनंती विशेष. बाईसाहेबी आज्ञा केली की, रविवारी जयनगरचे मैदानी जो संग्राम होऊन राज्यव्यापी संघ स्थापन जाहला, त्याचे वर्तमान व्हॉट्सअ‍ॅपवर नाना परीने फिरते, कोणी म्हणतो मारामारी जाहली, कोणी म्हणतो भोपळे फुकट वाटिले, आणि एक तर ऐसे म्हणतो की हे सर्व कोरमंगलाच्या पोरांनी केले, जयनगरचा त्यात हातच नाही; तरी साद्यंत हकीकत लिहून देणे, म्हणजे त्या म्हणणाराचे तोंड बंद होईल. त्यास, सेवक त्या दिवशी सकाळपासून पेरूच्या गाडीआड उभा होता. जे डोळां देखिले ते देखिले, जे न देखिले ते दुसऱ्यास पुसून घेतले, आणि जे पुसूनही न कळिले ते ज्याचे त्याचे मनात शिरून लिहिले, कारण बखर लिहिणारास ही मुभा पूर्वापार आहे. चकलीचा डबा पावला. लेखनास आरंभ केला.

जयनगर म्हणजे बेंगळुरूचा जुना, आखीव, झाडांचे सावलीचा प्रांत. येथील रयत शिस्तीची, फूटपाथ रुंद, आणि त्या फूटपाथावर स्कूटर लावून वर आपणांसच डोळे दाखविणारे लोकही बहुत. तेथे एका रहिवासी ट्रस्टाचे मैदान आहे, आणि दर रविवारी आसपासचे शेतकरी आपला माल आपण आणून त्या मैदानी आपणच विकतात. मध्ये दलाल नाही, अडत्या नाही, मोबाइलवर मागवून दहा मिनिटांत घरी येणारी ती सुकलेली कोथिंबीर नाही. कानडी मुलखात आठवडी बाजारास संते म्हणतात, म्हणोन या बाजारासही लोक संतेच म्हणू लागले.

या संतेत एक महानंदाबाई. मूळ मुलूख निपाणीकडील, लग्न होऊन बेंगळुरास आली आणि पीण्या म्हणोन जी तेथील कारखान्यांची वस्ती, तेथील एका कारखान्यात बेअरिंगे तपासण्याचे कामी लागली. तो कारखाना ऐसा की, सबंध पाळी उभ्याने काढणे, आणि स्टूल मागितले तर वरून हुकूम येई की बसल्याने नजर चुकते. हुकूम देणारे आपण गादीच्या खुर्चीवर बसोन हुकूम देत, त्यांची नजर कोठे चुकली ते विचारणारा कोणी नव्हता. कित्येक वर्षे ऐसे उभे राहोन बाईच्या पोटऱ्यांच्या शिरा वर आल्या, रात्री पाय उशीवर ठेविल्याखेरीज डोळा लागेना. मग तिने नेलमंगलाकडे जमिनीचा तुकडा खंडाने घेतला, नवऱ्यास हाताशी घेतले, भाजी लाविली आणि रविवारी जयनगरास आणू लागली. तिची मेथी सेवकाने खाल्ली आहे. त्याविषयी लिहू लागलो तर बखर तेथेच संपेल, म्हणोन आवरते घेतो.

ऐसे सुखाने चालले असता गनीम उठला. पिकलबॉल म्हणोन एक खेळ अलीकडे या नगरीत फोफावला आहे. टेनिस खेळण्यास दम नाही आणि कॅरम खेळण्याची लाज वाटते, ऐसे मधले लोक तो खेळतात. फळीने भोकांचा चेंडू हाणणे, दर हाणणीस ‘सॉरी’ म्हणणे, आणि घाम येण्यापूर्वी कॉफीस जाणे, हा त्याचा विधी. ऐशा खेळाची मैदाने मांडणारी एक कंपनी ट्रस्टाकडे आली आणि तमाम सातही वार मैदान आपणांस द्यावे ऐसा अर्ज केला. ट्रस्टाचे चिटणीस नंजुंडय्या. मनुष्य करडा, नेमाचा, कोणाचा चहाही न घेणारा. त्यांनी ट्रस्टाचे नियम काढून पाहिले तो त्यात ऐसे निघाले की, मैदान विनाभाडे द्यावयाचे तर ते राज्यव्यापी संस्थेसच देता येते, आणि संते तर आजवर नुसती डोळेझाकीवर चालली होती. मग त्यांनी हुकूम फर्माविला की, येत्या रविवारी दुपारी बारा वाजण्याचे आत राज्याचे चारी दिशांकडील बाजारांचे प्रमुख या मैदानी जमावे, त्यांनी अशा बाजारांस पाठबळ देणारा एक संघ स्थापावा, आणि चौघांनी आपल्या तोंडाने सर्वांदेखत होकार द्यावा. जाहले तर रविवार संतेचा. न जाहले तर मैदान पिकलबॉलाचे, आणि तक्रार चालणार नाही.

ही बातमी पीण्यासही पोहोचली. तेथील सुपरवायझर हंबीरराव, आपल्याच मुलखाचा, वाईट मनुष्य नव्हे, परंतु खुर्ची आली म्हणजे जे होते ते त्याचे जाहले होते. त्याने महानंदाबाईस फोन करून सांगितले की, एक जागा रिकामी जाहली आहे, तुझी जुनी ओळख म्हणोन रविवारी दुपारी बारापर्यंत धरून ठेवितो, पुढे माझा इलाज नाही. बाई भ्याली. रविवारची संते गेली तर तो जमिनीचा तुकडा पोसत नाही, आणि तुकडा सुटला तर पुन्हा ते मशीन आणि पुन्हा ते उभे राहणे. हे तिने कोणास सांगितले नाही, एका आप्पाजीस तेवढे सांगितले, आणि आप्पाजीस सांगितले म्हणजे सायंकाळपर्यंत अवघ्या जयनगरास ठाऊक जाहले.

आप्पाजी म्हणजे बेळगावकडील जुने घराणे, हयात पीण्याचे लेथवर गेली, आता जयनगरात निवृत्त, सकाळी फिरणे आणि दिवसभर सांगत सुटणे हा उद्योग. त्यांनी मसलत केली की, या कामी तरणा आणि इंग्रजी बोलणारा सरदार पाहिजे. तो सरदार कोरमंगलात, म्हणजे याच नगरीच्या नव्या, तरण्या नोकरदारांच्या प्रांतात, निघाला. नाव श्रीरंग, मूळ पुण्याचा, हुद्दा प्रॉडक्ट मॅनेजर. या हुद्द्यावर नेमके काय करतात ते त्याचे आईसही ठाऊक नाही. परंतु दर रविवारी कोरमंगलाहून स्कूटर पिटाळीत महानंदाबाईकडे भाजीस येई, आणि मैदान जाणार हे ऐकून त्याचे डोळ्यांत खरोखर पाणी आले, हे सेवकाने पेरूच्या गाडीआडून देखिले. येथे कबूल केले पाहिजे की, पोराने कामाची शिकस्त केली. उत्तरेस अथणीच्या यल्लव्वा, दक्षिणेस मंड्याचे चिक्कण्णा, पश्चिमेस उडुपीचे दयानंद, पूर्वेस कोलारच्या रत्नम्मा, ऐशा चार मातब्बर बाजारप्रमुखांस त्याने फोन लाविले, आणि कानडी येत नसता आप्पाजीस मध्ये घालून, अर्धे हिंदीत, अर्धे हातवाऱ्यांनी, तेही फोनवर, सर्वांस रविवारी येण्यास राजी केले. संघाचे नाव ठरले ‘अखिल कर्नाटक संतेमित्र संघ’. फक्त होकार बाकी राहिला.

रविवार उजाडला. आदले रात्री पाऊस होऊन मैदानाचा चिखल जाहला होता. चौघे प्रमुख आपापला लवाजमा घेऊन, रात्रभर गाड्यांतून अंग मोडून घेऊन, आठाचे सुमारास दाखल जाहले. चिक्कण्णांची पांढरीशुभ्र पंचा-उपरण्याची जोडी, रत्नम्मांचे गुडघे दोन्ही कामातून गेलेले, दयानंदांस गाडी लागलेली, आणि यल्लव्वा तर गाडीत दुसऱ्या बाईशी भांडूनच उतरल्या होत्या. ऐसे हे दमले-भागले थोर लोक मैदानी आले आणि टेकावयास जागा पाहू लागले. जागा नाही. खुर्ची नाही, बाक नाही, सतरंजी नाही.

कारण श्रीरंगरावांनी खुर्च्या सांगितल्याच नव्हत्या. त्यांचे कचेरीत ऐसा रिवाज आहे की, सकाळची मसलत उभ्याने करावी, म्हणजे कोणी लांबण लावीत नाही. हा रिवाज त्यांनी चार जिल्ह्यांच्या वडीलधाऱ्यांस लागू केला, आणि मोठ्या उमेदीने पुढे होऊन बोलिले.

“गुड मॉर्निंग, एव्हरीवन! आपण एक क्विक स्टँड-अप घेऊया. मॅक्स पंधरा मिनिटं. उभं राहिलं की डिसिजन फास्ट होतो, हे प्रूव्हन आहे.”

आप्पाजींनी याचे कानडी करता करता आवाज खाली खाली नेला, तरीही ते ऐकू गेले. चिक्कण्णांनी उपरणे झटकिले आणि कानडीत निर्णय दिला. त्याचा मथितार्थ ऐसा की, मनुष्य उभ्याने दोनच कामे करतो, एक बस धरणे, आणि दुसरे बायाबापड्यांत बोलण्याजोगे नाही. संघ स्थापणे या दोहोंत बसत नाही. रत्नम्मांनी गुडघ्यांकडे बोट दाविले. दयानंद झाडास टेकले आणि डोळे मिटून घेतले. यल्लव्वा मात्र सीमेवरची बाई, त्यांस मराठी बोलण्यास आप्पाजी लागत नव्हते.

“रात्रभर गाडीत हाडं खिळखिळी करून घेतली ती हितं उभं ऱ्हायाला व्हय रे तम्मा? रेशनच्या लायनीत हाय काय आमी?”

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. शब्द मायेचा, परंतु ज्या आवाजात आला त्याने श्रीरंगरावांचा कान तांबडा जाहला.

“श्रीरंगा,” आप्पाजी म्हणाले, “म्हातारी माणसं आलीत रे, त्यांना स्वल्प टेकायला तरी दे की. बसल्याबिगर कुठं काय ठरतंय होय?”

“अण्णा, आय अ‍ॅम सो सॉरी. खुर्च्या माझ्या डोक्यातच नव्हत्या.”

मग खुर्च्यांचा शोध सुरू जाहला. तो दिवस दाट लग्नतिथीचा, जयनगरातील भाड्याची हरएक खुर्ची वऱ्हाडाखाली गेलेली. ट्रस्टाच्या आपल्या खुर्च्या होत्या, परंतु त्या गनिमाने आधीच पटकाविल्या होत्या, कारण त्याच सकाळी मैदानाचे दुसरे अंगास पिकलबॉलचा नमुन्याचा सामना मांडून बघे बसविले होते. आप्पाजी स्वतः तहाचे बोलणे घेऊन गेले. तेथील मॅनेजर गोड हसला आणि बारा वाजता सर्व खुर्च्या देतो म्हणाला. हे ऐकून चिक्कण्णांनी शपथ घातली की, आता त्याने सोन्याची खुर्ची पाठविली तरी तिजवर आमचेपैकी कोणी बसणार नाही. शपथ बाणेदार खरी, परंतु बाका प्रसंग अधिक बाका जाहला. आप्पाजींनी घरची सतरंजी आणून अंथरिली, ती चिखलात ऐसी बसली की पुन्हा दिसेना. चौघांचे लवाजम्यात कुजबुज सुरू जाहली की परतीची गाडी केव्हा आहे.

महानंदाबाई हे सर्व आपल्या दुकानामागून पाहात होती. कोथिंबिरीचा एक प्लास्टिकचा क्रेट सकाळीच रिकामा जाहला होता तो तिने उचलिला, चिखलावर पालथा घातिला, वर धुतलेले पोते टाकिले, आणि रत्नम्मांस हात धरून त्यावर बसविले. रत्नम्मांनी पाय लांब केले आणि ऐसा सुस्कारा सोडिला की पेरूच्या गाडीपर्यंत आला. तो सुस्कारा इतरांनी ऐकिला मात्र, तिघेही आपणांस हेच आसन पाहिजे म्हणाले, आणि त्यांचा लवाजमाही तेच म्हणू लागला. परंतु मैदानी क्रेट असून नसल्यासारखे. सर्व क्रेट भाजीने भरलेले. पावसामुळे गिऱ्हाईक घराबाहेर पडले नव्हते, वांगी, भेंडी, दोडके, कोहळे जेथल्या तेथे होते.

श्रीरंगरावांनी येथे दुसरा घोटाळा केला. म्हणाले, “मग भाजी खाली ओतू ना. टेक्निकली ती मातीतूनच आलीय.”

पलीकडे चेंडू हाणण्याचा आवाज तेवढा येत राहिला.

“तुझं जेवान बी मातीत वाढू काय?” यल्लव्वा म्हणाल्या.

तेव्हा महानंदाबाई पुढे आली, पदर खोचला आणि म्हणाली, “वतायची न्हाई. इकायची. बारा वाजायच्या आत समदी इकायची.”

मसलत अवघ्यांस पटली. भाजी विकली तर क्रेट रिकामे होतील, क्रेट रिकामे जाहले तर वडील मंडळी बसतील, बसली तर बोलतील, बोलली तर भांडतील, भांडून दमली तर होकार देतील, आणि होकार आला तर संघ होईल, आणि संघ जाहला तर महानंदाबाई पीण्यास जाणार नाही. राज्ये याहून कमकुवत पायावर उभी राहिली आहेत. एरवी रविवारी दुपारपर्यंतही न संपणारा माल मध्यान्हापूर्वी संपवावयाचा होता, आणि मैदानी गिऱ्हाईक म्हणोन पाहिले तर एक सेवक, तोही पेरू चाखून पाहणारा.

श्रीरंगरावांनी आता चूक भरून काढावयाची असा निश्चय केला. पोराने फोन काढिला आणि कोरमंगलाच्या तमाम पीजींचे, म्हणजे भाडोत्री पोरापोरींच्या बिऱ्हाडांचे, ग्रुपांवर जाहीरनामा धाडिला की, ‘ओन्ली टुडे, टिल ट्वेल्व्ह, संपलं की संपलं.’ काय संपणार ते त्यात लिहिलेच नव्हते. कोरमंगलाची तरणी रयत ऐसी आहे की, संपणार ऐकिले म्हणजे काय संपणार ते न पुसता कूच करते. थोडक्या वेळात दुचाक्यांचे लोंढे चिखल उडवीत मैदानी घुसले. ज्यांचे पीजीत गॅस पेटविण्याची मनाई, ज्यांचे खोलीत सुरी नाही, ताट नाही, ऐशा शूर वीरांनी दोडके उचलिले, भेंडी उचलिली, गवार उचलिली. एकाने कोहळा घेतला आणि हे कैसे खातात ते पुसिले. रत्नम्मांनी क्रेटावर बसल्या बसल्या कानडीत कृती सांगितली, ती त्याने माना डोलावीत ऐकिली, त्यास तेलुगू आणि हिंदीखेरीज काही येत नव्हते. मग तो कोहळा जॅकेटात घालून, चेन वर ओढून, पोटुशा बाईसारखा जपत स्कूटरीवर निघोन गेला. क्रेट भराभर रिकामे होऊ लागले, आणि महानंदाबाई रिकामा जाहला की पालथा घालू लागली. चिक्कण्णा बसले. दयानंदांस झाडापासून सोडवून बसविले.

वांग्यांचे क्रेट मात्र बहुत होते, आणि पीजीचे पोर वांग्याचे वाटेस जात नाही. येथे जयनगरचा प्रवेश जाहला, आणि येथेच त्या म्हणणाराचे तोंड बंद होते. आप्पाजींनी इमारतीचे ग्रुपवर एक ओळ टाकिली की, कोरमंगलाची पोरे आपली वांगी उचलून नेत आहेत. बाईसाहेब त्या समयी तेल लावून बसल्या होत्या. ओळ वाचून ज्या उठल्या त्या तशाच डोईस फडके बांधून, कापडी पिशव्या घेऊन, भिशीमंडळाची सर्व फौज मागे लावून मैदानी आल्या आणि गर्जना केली, “आमच्या नाकासमोरून वांगी नेतात म्हणजे काय!” कोणीही नेत नव्हते. तरीही त्या गर्जनेने दोन पोरांनी हातातील टोमॅटो खाली ठेविले. मग जे वांगीमर्दन जाहले ते काय वर्णावे? हरएक वांगे उचलणे, देठ दाबून पाहणे, नाक मुरडणे, आणि तेच पिशवीत टाकणे. वेळ थोडा उरला असता बाईसाहेबी भाव करण्यात जो काळ घालविला, त्याविषयी सेवक लिहीत नाही, तळमजल्यावर पाणी वरूनच येते. परंतु वांगी संपली, हे त्रिवार सत्य. यल्लव्वा बसल्या, लवाजमा बसला, गनिमाचे बघेही खुर्च्या सोडून भाजी घ्यावयास आले, आणि पलीकडे दोन खेळाडू एकमेकांस सॉरी म्हणत एकटेच राहिले.

ऐशा ऐन रंगात महानंदाबाईचा फोन वाजला. हंबीरराव विचारीत होता, ठरले काय, दुसरी बाई दारात उभी आहे. बाईने एका हाताने काकड्या तोलीत सांगितले की, बारापर्यंत म्हणाला होतात, बारा वाजू द्या. फोन ठेविला आणि त्याच काकड्या तिने पुन्हा पहिल्यापासून तोलिल्या. गिऱ्हाइकाने ते पाहिले, परंतु काकडी चांगली होती म्हणोन थांबून राहिले.

आता मैदानी एकच भरला क्रेट उरला, तो महानंदाबाईचा, आणि त्यात पडवळे. लांब, वाकडी, क्रेटाबाहेर माना काढून पडलेली. कोरमंगलाच्या पोरांनी ती तलवारीसारखी धरून फोटो काढिले आणि परत ठेविली. बाईसाहेबी पाहिले आणि म्हणाल्या की आमच्याकडे ह्यांना चालत नाही. बसावयाचे सर्व बसले होते, म्हणोन त्या क्रेटाचे अडले नव्हते, आणि दरबार सुरू करण्यास हरकत नव्हती. परंतु ज्या बाईने दुसऱ्यांचा माल संपविला तिचाच माल पडून राहावा, याचे सेवकास वाईट वाटले. स्वतः घ्यावा इतके मात्र वाटले नाही.

फाटकाशी नंजुंडय्या घड्याळ धरून उभे होते. निवाडा देणाराने पक्षकाराकडून काही घेऊ नये हा त्यांचा नेम, सकाळपासून पाणीही घरचे प्याले. परंतु त्यांची नजर त्या क्रेटाकडे जाई, परते, पुन्हा जाई. दुसरे दिवशी त्यांचे घरी भाच्याची मुंज, पाने बहुत, आणि पडवळाच्या रश्शावाचून त्यांचेकडे मुंज पुरी होत नाही. शेवटी नेमाचा मनुष्य नेमाशी झगडता झगडता दुकानाशी आला, आणि कानडीत हलक्या आवाजात पुसता जाहला की, याचा निवाड्याशी काही संबंध नाही, परंतु सगळी घेतली तर पिशवी आहे काय? बाईने पिशवी दिली. सगळी पडवळे गेली. त्याने आपल्या हाताने तो क्रेट रिकामा केला.

मग दरबार भरला. प्रथम मानापमानाची लढाई जाहली, कारण उंच आसन कोणाचे याचा निकाल लागेना, परंतु क्रेट सर्व एकाच साच्याचे निघाल्याने उंच आसन कोणासच मिळेना, आणि ती लढाई आपोआप बसली. मग संघाचे चिन्ह काय यावर जाहली. चिक्कण्णा ऊस म्हणाले, रत्नम्मा टोमॅटो म्हणाल्या, दयानंद नारळ म्हणाले, तिघांचे लवाजमे क्रेटांवरून अर्धवट उठले, आणि मागचा कोणी आपला क्रेट पळवील या भयाने लगोलग परत बसले. आसन मिळालेल्या मनुष्यास ते सोडवत नाही, म्हणोन भांडण बसल्या बसल्या होऊन बसल्या बसल्या विझले. उभे असते तर एव्हाना चौघे चार बसस्टँडांवर असते. चिक्कण्णा म्हणाले, “सरी,” म्हणजे कबूल. रत्नम्मा म्हणाल्या, “सरी.” दयानंदांस आता बरे वाटत होते, तेही म्हणाले. नंजुंडय्यांनी घड्याळ पाहिले. काटे जवळ आले होते.

यल्लव्वा गप्प.

श्रीरंगरावांनी ओठ चावले. आप्पाजी म्हणाले, “अक्का, वेळ होतोय बगा.” तरी गप्प. सर्वांचे डोळे त्यांजवर, आणि त्यांचे डोळे महानंदाबाईवर.

“ही बाई उभी का?” यल्लव्वांनी पुसिले. “जिच्यापायी आमी आलो ती उभी, आन आमी बसून सरी म्हणायचं व्हय? मला न्हाई जमत. बस गं.”

“ऱ्हाऊ द्या, अक्का. मला सवं हाय उभं ऱ्हायाची.”

“ती सवंच मोडायची हाय न्हवं? मग बस.”

महानंदाबाईने इकडे पाहिले, तिकडे पाहिले. संते सुरू जाहल्यापासून ती रविवारी कधी बसली नव्हती. गिऱ्हाइकासमोर बसणे तिच्या मनास येईना. पडवळांचा क्रेट तेवढा मोकळा होता. श्रीरंगरावांनी तो उचलून पालथा घातिला, आपले महागडे जॅकेट काढून त्यावर टाकिले, आणि या पोराविषयी जे वाईट लिहिले त्यातील निम्मे सेवक मागे घेतो. बाई बसली. बसली ती आधी कडेस, मग पुरती. तिचे डोळे भरून आले, आणि तिने ते पदराने न पुसता तसेच ठेविले.

यल्लव्वा म्हणाल्या, “सरी. शंभरदा सरी.”

नंजुंडय्यांनी घड्याळ खिशात घातिले आणि हुकूम फर्माविला की, संघ स्थापन जाहला, रविवार संतेचा. कोरमंगला आणि जयनगर यांनी एकमेकांस न ओळखता मिठ्या मारिल्या. आप्पाजी रडले आणि ते कांद्यामुळे ऐसे म्हणाले, परंतु कांदे केव्हाच विकले गेले होते.

इतक्यात फोन पुन्हा वाजला. हंबीरराव म्हणत होता, “बारा वाजले महानंदा, येतीस का न्हाईस, काय ते सांग.” त्याचा आवाज कानी पडता जुन्या सवयीने बाई उठू लागली. अर्धी उठली. यल्लव्वांनी शेजारून हात टाकिला आणि खांदा धरून खाली दाबिला.

“न्हाई येत, सायेब,” बाई म्हणाली. “मी बसलीया.”

“बसलीयास? कुठं?”

“माझ्याच क्रेटवर,” ती म्हणाली, आणि फोन तिने आपण होऊन ठेविला.

येणेप्रमाणे अखिल कर्नाटक संतेमित्र संघ जयनगर मुक्कामी, चिखलात, भर दोनप्रहरी, पिकलबॉलकरांस मागे हटवून, चारी दिशांचे होकाराने स्थापन जाहला. सभासद, चार दिशांचे बाजार. मैदान, कायम. पहिला ठराव, संघाची कोणतीही मसलत उभ्याने होणार नाही, श्रीरंगराव यांनी मांडिला, सर्वांनी मंजूर केला. अध्यक्षस्थानी महानंदाबाई निपाणीकर, सर्वानुमते, बसलेल्या. हे वर्तमान खरे. सेवक विठोजी याने देखिले आणि लिहिले.